नऊ मीटरची रंगारी गल्ली

"घरासमोरचा रस्ता किती रुंद आहे, हे तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः टेप लावून मोजलंय? हात वर करा."

नगरपरिषदेच्या सभागृहात आम्ही वीस-पंचवीस परवानाधारक अभियंते बसलो होतो. एकही हात वर गेला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी उगाचच खोकलं. पहिल्या रांगेतल्या अण्णा साजणीकरांनी मान वळवून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हात वर करायला सांगू नका. निम्म्यांचे खांदे धरलेत."

सगळे खो-खो हसले. रणनवरे साहेब हसले नाहीत. नवीन नगररचनाकार म्हणून ते आमच्या गावात येऊन फार दिवस झाले नव्हते, पण आल्या आल्या त्यांनी ही दर महिन्याची बैठक सुरू केली होती. नियमांत काय बदललं ते मी सांगणार, तुम्ही ऐकणार, आणि मग 'आम्हाला माहीत नव्हतं' असं कुणी म्हणायचं नाही, असा त्यांचा खाक्या. वय माझ्याएवढंच. चहाबरोबर बिस्किटं देत, पण स्वतः एकही खात नसत. असल्या माणसाची मला जरा भीतीच वाटते.

आमचं काम म्हणजे लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे, ते नगरपरिषदेत दाखल करायचे आणि परवानगी हातात पडेपर्यंत हेलपाटे घालायचे. नकाशाच्या कोपऱ्यात समोरच्या रस्त्याची रुंदी लिहावी लागते. ती कोण मोजत बसणार? त्याच गल्लीतली आधी मंजूर झालेली एखादी फाईल काढायची, तिच्यातला आकडा उचलायचा आणि पुढं लिहायचं, 'मागील मंजुरीप्रमाणे'. त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. जो आकडा एकदा मंजूर झाला, त्याला कोण हरकत घेतंय? सगळं गाव असंच मोजलं गेलं होतं, म्हणजे मोजलंच गेलं नव्हतं.

"हे आता बंद," साहेब म्हणाले. "रस्ता तुम्ही मोजायचा आणि तुम्हीच सही करायची. दोन्ही बाजूंच्या पक्क्या भिंतींमधलं अंतर. उघडे ओटे, पायऱ्या धरायच्या नाहीत. आणि गल्लीत सगळ्यात अरुंद जागा असेल तिथलं माप. ते नऊ मीटरपेक्षा कमी भरलं, तर जेवढं कमी त्याच्या निम्मी जागा नव्या घरानं स्वतःच्या प्लॉटातून सोडायची. खोटं माप लिहिलं तर परवाना गेला. शुक्रवारपासून मी स्वतः जागेवर येणार. पहिली फाईल..." त्यांनी समोरचा कागद उचलला. "चौगुले. रंगारी गल्ली. कुणाची आहे?"

मी हात वर केला. अण्णा पुन्हा वळले आणि माझ्याकडे बघत राहिले.

अण्णा माझे गुरू. डिप्लोमा करून मी गावात परत आले, तेव्हा साईटवर पोरगी कशाला, म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं. अण्णांनी विचारलं, "चहा करता येतो का?" मी तोऱ्यात म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "बरं झालं, मग नकाशेच काढशील." त्यांच्या घराच्या पुढच्या लांबट, अरुंद खोलीत त्यांचं ऑफिस होतं. हात पसरले की दोन्ही हातांची बोटं भिंतींना लागायची. तिथं खिडकीखालच्या टेबलावर मी सहा वर्षं काढली. मग स्टँडजवळ स्वतःचा गाळा घेतला. पण अडलं की पाय आपोआप रंगारी गल्लीकडंच वळत.

बैठक संपल्यावर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. "नऊ लिही आणि मोकळी हो."

"मोजते की अण्णा. नाहीतरी साहेब येणारच आहेत."

"साहेब येतो, आणि साहेब जातो पण," ते म्हणाले. "रंगारी गल्ली नऊ मीटर हाय, हे माझ्या पहिल्या फाईलीपासनं ठरलंय. तू कशाला उकरतीस?" आणि चप्पल फटफटत निघून गेले. मला वाटलं, नवख्या साहेबानं चारचौघांत शाळा घेतली, त्याचा राग असेल.

चौगुल्यांचा प्लॉट त्याच गल्लीत, अण्णांच्या घरापासून चार घरं पुढं. भूपाल आणि सुकुमार हे दोघे सख्खे भाऊ, मिळून मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. दुकानात दोघांचं इतकं जमायचं की एकानं पाना मागायच्या आत दुसऱ्याच्या हातात असायचा. घरात मात्र दोघांच्या बायकांचं एका चुलीवर दूधसुद्धा तापत नव्हतं. थोरली पद्मावती शिस्तीची, धाकटी त्रिशला तोंडाची फटकळ. शेवटी तोड निघाली ती अशी की जुनं घर पाडून नवं बांधायचं, खाली थोरला, वर धाकटा, आणि वर जायला बाहेरून स्वतंत्र जिना. प्लॉट एवढासा. तो जिना रस्त्याच्या बाजूला अगदी कडेला बसवताना माझ्या नाकी नऊ आले होते. जिना झाला तर घर एक राहणार होतं. नाही झाला, तर सुकुमार वाटणी मागणार, प्लॉट विकावा लागणार आणि दुकानाचेही दोन तुकडे होणार. हे सगळं त्रिशलानं मला पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन गल्लीत गेले. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. त्रिशला पदर खोचून आली.

"मी धरतो की. त्यात काय कोर्स करायला लागतोय व्हय?"

"भिंतीला घट्ट टेकवून धरा. ओट्याला नाही, भिंतीला."

आम्ही गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. रंगारी गल्लीत प्रत्येक घरापुढं उघडा ओटा आहे. संध्याकाळी माणसं बसतात, दुपारी डाळी वाळत घालतात. ओटा सोडून भिंत ते भिंत मापलं की नऊ. पुढच्या घरापाशी नऊ आणि थोडं वर. त्याच्या पुढं परत नऊ. मला मनातून हायसं वाटत होतं. अण्णांनी टेप न लावता आकडा कसा अचूक लिहिला असेल, याचं कौतुकही वाटत होतं.

अण्णांच्या घरापाशी आलो. मी समोरच्या भिंतीला शून्य टेकवलं, त्रिशला टेप घेऊन पलीकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "मॅडम, हितं साडेसातच भरतंय!"

"ओट्याला लावली असेल. भिंतीला लावा."

"भिंतीलाच लावलीया. हितं ओटा हाय कुठं?"

मी मान वर केली आणि पाहिलं. खरंच, अण्णांच्या घरापुढं ओटा नव्हता. शेजारच्या दोन्ही घरांचे ओटे जिथं संपत होते, तिथं अण्णांच्या ऑफिसची भिंत होती. ओटाच विटांनी बंद करून, वर पत्रा टाकून ती खोली झाली होती. सहा वर्षं मी तिथं रोज जात-येत होते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाकीचे ओटे आणि ही भिंत एकाच रेषेत असल्यामुळं डोळ्याला काही खुपायचं नाही.

सगळ्यात अरुंद जागा हीच. दीड मीटर कमी, म्हणजे चौगुल्यांनी पाऊण मीटर सोडायचं. पाऊण मीटर सोडलं की जिना गेला.

खिडकी उघडली. अण्णांनी बाहेर डोकावून आमच्या हातातली टेप पाहिली. "आत ये," एवढंच म्हणाले.

मी आत गेले. दारात त्रिशला उभी राहिली, तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायचं कुणाला सुचलंही नाही.

"अण्णा, ही खोली..."

"दिवाळीच्या सुट्टीत बांधली," ते म्हणाले. नगरपरिषद बंद असताना दोन-चार दिवसांत भिंत उभी करायची, ही आमच्या गावची जुनी रीत. "घरात पाच भाऊ. नकाशे पसरायला जागा न्हवती. आमचे वडील, तात्या, म्हणायचे, चित्रं काढायची तर देवळात जाऊन काढ. मग ओटा बंद केला. पुढच्या महिन्यात घराचा नकाशा दाखल केला, त्यात ही खोली दाखवलीच न्हाई. रस्ता नऊ मीटर लिवला. मूळ भिंतीपासनं नऊच हाय की."

"आणि मग सगळ्यांनी तेच लिहिलं."

"तू पण लिवलंस."

हे खरं होतं. त्या खोलीत बसून मी या गल्लीच्या तीन फाईली केल्या होत्या. म्हणजे सहा वर्षं मी रस्त्यातच बसले होते, आणि तिथं बसून रस्ता नऊ मीटर असल्याचं लिहीत होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की हातातली टेप मी टेबलावर आदळली.

"मग शुक्रवारी काय करू? साडेसात लिहू? यांचा जिना जातो. नऊ लिहू? साहेब माझ्यासमोर मापणार आहेत. तुम्हाला बैठकीतच कळलं होतं ना? तरी मला सांगितलंत, नऊ लिही आणि मोकळी हो!"

"साहेबाला गल्लीच्या तोंडाला मापायला लाव. तिथं नऊ भरतंय. चहा पाज, बोलत ठेव. पुढं कोण जातंय बघायला?"

"नियम अरुंद जागेचा आहे."

"नियम!" अण्णांचा आवाज चढला. "वैजू, या गावातली निम्मी घरं मी उभी केली. ह्याच टेबलावर. ही खोली गेली तर मी बसू कुठं? स्वैपाकघरात? ह्या वयात माणसं काय फूटपाथवर नकाशा काढून घ्यायला येणार माझ्याकडं?"

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं. तेवढ्यात दारातून त्रिशला म्हणाली, अगदी थंडपणे, भांडणाचा सूर न काढता, "बसा अण्णा तुम्ही खोलीत. आमीच जातो गल्लीतनं."

आणि ती निघून गेली. अण्णांनी खिडकी लावून घेतली.

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. भूपाल गाळ्यात आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि कळवळून म्हणाले, "मॅडम, लिवा की नऊ. सगळ्यांनी लिवलंय. आमच्यापाशीच कसं काय हो माप कमी पडतंय?" मी नियम समजावून सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि पुन्हा म्हणाले, "लिवा की नऊ." ते गेल्यावर इतर अभियंत्यांचे फोन सुरू झाले. बातमी फुटली होती. एकानं साडेसात लिहिलं की त्या गल्लीच्या सगळ्या जुन्या फाईली उघड्या पडणार, आणि मग दुसऱ्या गल्ल्यांच्याही. "वैजूताई, तुम्हीच का गावाला शहाणपण शिकवायला निघालाय?" एकजण म्हणाला. दुसऱ्यानं गोडीत घेतलं, तिसऱ्यानं अण्णांची शपथ घातली. मी फोन उलटा करून ठेवला, मग सुलटा केला, मग पुन्हा उलटा.

मी जिना फिरवून पाहिला. घराच्या मागं नेला, तर शेजाऱ्याच्या भिंतीला भिडला. आतून काढला, तर पद्मावतीच्या स्वयंपाकघरातून जात होता. म्हणजे धाकट्या जावेला वर जाताना रोज थोरलीच्या चुलीपाशी थांबावं लागणार. त्यापेक्षा प्लॉट विकलेला परवडला. रबरानं कागद झिजला तरी जिना बसेना.

गुरुवारी संध्याकाळी न राहवून मी रंगारी गल्लीत गेले. अण्णांची खिडकी बंद. आत दिवा होता, पण मी दार वाजवलं नाही. वाजवून काय सांगणार होते? मी साडेसात लिहिणार, हे माझं तोवर ठरलं होतं. त्यात शूरपणा काही नव्हता. परवाना जाईल ही भीती होती, आणि अण्णांनी मला अंधारात ठेवलं याचा सल होता. आणि त्या दोघींच्या जिन्याचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शुक्रवारी साहेब आले. सोबत एक शिपाई. चौगुल्यांच्या घरातली सगळी माणसं प्लॉटवर उभी होती, दोन्ही जावा दोन टोकांना. गल्लीतले लोक ओट्यांवर येऊन बसले, जसं काही नाटकच होतं.

"सुरुवात कुठून करायची?" साहेबांनी विचारलं.

मी गल्लीचं तोंड दाखवलं नाही. सरळ अण्णांच्या घराकडे बोट केलं. "अरुंद जागा ती आहे, साहेब. साडेसात."

ओट्यांवर कुजबुज झाली. भूपालनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मान डोलावली, टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मोजून दाखवा. पलीकडचं टोक कोण धरतंय?"

कुणी पुढं आलं नाही. त्रिशलासुद्धा हाताची घडी घालून उभी राहिली. शिपाई निघाला, तेवढ्यात खिडकी उघडली आणि अण्णांचा हात बाहेर आला.

"इकडं दे टोक."

मी टोक त्यांच्या हातात दिलं आणि टेप सोडत समोरच्या भिंतीकडे गेले. मला वाटलं, ते खिडकीच्या चौकटीला टेकवतील. पण टेप आत जायला लागली. टेबलावरून, पट्ट्यांच्या आणि पेन्सिलींच्या वरून, खुर्चीच्या पाठीवरून, पार मागच्या भिंतीपर्यंत. ती घराची मूळ भिंत. अण्णा तिथं ओणवे झाले आणि टोक भिंतीला टेकवलं.

"ओढ," ते आतून ओरडले. "ढिली टेप जास्त दाखवती. काय शिकवलंय तुला?"

मी ओढली. टेप गल्लीवरून, खिडकीतून, खोलीतून ताठ झाली.

"वाच."

"नऊ," मी म्हणाले. "नऊ, आणि वर दोन बोटं."

साहेब खिडकीपाशी गेले. आत पाहिलं, टेपकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "साजणीकर, मध्ये खोली आहे."

"नकाशात न्हाई, साहेब. माझाच नकाशा हाय, काढून बघा."

"नकाशात नाही, ते मला माहीत आहे. जमिनीवर आहे."

"सोमवारी राहणार न्हाई," अण्णा म्हणाले. भिंतीला टेकवलेलं टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "आज तुम्ही साडेसात लिवा, खरं तेच लिवा. सोमवारी परत या आणि परत मापा. त्यांची फाईल तोवर फेटाळू नका. एवढंच मागतो."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "सोमवारी अकरा वाजता."

शनिवारी सकाळी अण्णांनी पत्रा उतरवला. भूपाल आणि सुकुमार घण घेऊन आले. अण्णांनी सुकुमारच्या हातातला घण काढून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला, मग दम लागला म्हणून परत दिला. टेबल आतल्या दारातून जाईना, तेव्हा त्याचे पाय कापायला लागले. पद्मावती चहा घेऊन आली, आणि कप कमी पडले म्हणून त्रिशला आपल्याकडचे कप घेऊन आली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण एकाच किटलीतला चहा वाटला. विटा कुणाच्या ओट्यावर रचायच्या, यावरून गल्लीत थोडं वाजलं. मी दिवसभर तिथं होते. काही करत नव्हते, नुसती इकडून तिकडे फिरत होते.

सोमवारी साहेबांनी शिपायाला टोक धरायला लावलं आणि स्वतः वाचलं. नऊ. चौगुल्यांच्या फाईलीवर सही झाली. साहेब निघताना अण्णांपाशी थांबले आणि नमस्कार करून गेले.

अण्णा त्यांच्या ओट्यावर बसले होते. इतक्या वर्षांनी उघडा पडलेला ओटा, अजून विटांची धूळ होती. मी शेजारी जाऊन बसले. मला माफी मागायची होती की त्यांनी मागावी असं वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. ते उठले, गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीशी गेले आणि तिथून आपल्या घराकडे बघत उभे राहिले. कागद दूर धरून तपासावा तसं डोळे बारीक करून, डावीकडून उजवीकडे.

"वैजू," ते म्हणाले, "माझं घर आज पहिल्यांदा माझ्या नकाशासारखं दिसतंय."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि आम्ही दोघं तिथून घराकडे बघत उभे राहिलो.